विश्लेषण : दरडीच्या डोंगरावरचा सेन्सर गप्प झाला, तर ते कळणार कसे?

महाड, पोलादपूर आणि रायगडाच्या पायथ्याच्या पाचाड परिसरातील डोंगरउतारांवर दरडीची आगाऊ सूचना देणारी यंत्रे हवीत, ही मागणी प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर पुढे येते. ती योग्यच आहे. पण यंत्र बसवले म्हणजे सूचना मिळेलच असे नाही. यंत्रापासून नियंत्रण कक्षापर्यंतचा बिनतारी दुवा ऐन पावसात तुटला, तर पडद्यावर दिसते ती फक्त शांतता. ही शांतता सुरक्षित डोंगराची की तुटलेल्या संपर्काची, हे ओळखता येणे का महत्त्वाचे आहे आणि ते कसे ओळखतात?

महाड-पोलादपूरसाठी हा प्रश्न निकडीचा का?

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला. तिथे ८० हून अधिक जणांचा बळी गेला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे गिळली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला होता. तिथेच उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते.

तळियेच्या वेळी महाड शहर पाण्यात होते. रस्ते बंद होते, वीज गेली होती, मोबाइल सेवा कोलमडली होती. दरड दुपारनंतर कोसळली आणि मोठ्या बचाव पथकांना पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. म्हणजे ज्या वेळी संपर्काची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी संपर्क तुटतो. हा योगायोग नव्हे. डोंगर खचवणारा पाऊसच विजेचे खांब पाडतो, टॉवरची वीज घालवतो आणि रस्ता वाहून नेतो.

पाचाडला हे वेगळे सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले, पर्यटक अडकले आणि गड काही काळ बंद ठेवावा लागला. गडाच्या घेऱ्यातील वाड्यांवर मात्र माणसे बाराही महिने राहतात. त्यांना ‘बंद’ ठेवता येत नाही.

तुटलेला दुवा लक्षात न येणे म्हणजे काय?

महाडकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. पूल पडणे ही एक दुर्घटना होती. पूल पडल्याचे मागून येणाऱ्यांना न कळणे ही दुसरी. एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात त्या खिंडारात गेली. रस्ता तुटला होता, पण तो तुटल्याची बातमी रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचवणारे काहीच नव्हते.

सेन्सरच्या जाळ्यातही हेच घडू शकते. फरक इतकाच, की तिथे वाहनांऐवजी संदेश खिंडारात जातात आणि खाली वाडीत माणसे निश्चिंत झोपलेली असतात.

हे जाळे चालते कसे?

उतारावर ठिकठिकाणी छोट्या पेट्या बसवतात. कुणी पाऊस मोजते, कुणी मातीतला ओलावा, कुणी मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब, तर कुणी जमिनीचा कल. प्रत्येक पेटीत बॅटरी, शक्यतो लहान सौर पॅनेल आणि रेडिओ असतो. अनेक जाळ्यांत सर्व पेट्यांचा आवाज थेट खालपर्यंत पोहोचत नाही. मग वरची पेटी मधल्या पेटीला सांगते, मधली खालच्या पेटीला आणि शेवटची ‘गेटवे’ नावाच्या मुख्य यंत्राला. गेटवे तो निरोप मोबाइल नेटवर्क, फायबर किंवा उपग्रहामार्फत नियंत्रण कक्षाकडे पाठवतो.

या साखळीतील कोणतीही कडी तुटली की तिच्यामागचे सगळे मुके होतात. पेट्या धडधाकट असतात, मोजमापही चालू असते. पण ते ऐकायला कुणी नसते.

तुटल्याचे ओळखणे इतके अवघड का?

व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यावर एकच टिक दिसते, तेव्हा काय समजायचे? समोरच्याचा फोन बंद असेल, तो रेंजबाहेर असेल, चार्जिंग संपले असेल किंवा फोन पाण्यात पडला असेल. कारणे चार, टिक एकच. सेन्सरच्या जाळ्यातला मूळ पेच हाच आहे. न आलेला संदेश स्वतःचे कारण सांगत नाही.

त्यात आणखी दोन गुंते आहेत. पहिला, दुवा एकाच बाजूने तुटू शकतो. डोंगरावरून मारलेली हाक खाली ऐकू येते, पण खालून दिलेली वर पोहोचत नाही, असे रेडिओचेही होते. पेटी बोलत राहते, पण तिला गेटवेचे उत्तर मिळत नाही. दुसरा गुंता अधिक त्रासाचा. दुवा पूर्ण तुटत नाही, तो ये-जा करतो. दहा संदेशांतले कधी नऊ पोहोचतात, कधी पाच. मेलेला दुवा निदान ओळखता तरी येतो. अर्धमेला दुवा सगळ्यांना भ्रमात ठेवतो. म्हणूनच चांगले जाळे ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच पाहत नाही. शेवटच्या काही डझन संदेशांपैकी किती पोहोचले, एक संदेश पोहोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागला आणि सिग्नलची ताकद गेल्या आठवड्याच्या तुलनेत घसरते आहे का, याचा हिशेब ते ठेवत राहते.

‘काही घडले तरच सांग’ ही सोय घातक का?

पेटीच्या बॅटरीवर सर्वात मोठा भार सहसा रेडिओचा असतो. साहजिकच बॅटरी वाचवण्याचा सोपा मार्ग सुचतो : एरवी झोपून राहा, जमीन हलली तरच बोल. कागदावर ही रचना काटकसरीची आणि शहाणपणाची दिसते. दरडीच्या डोंगरावर ती धोकादायक आहे. कारण या रचनेत गप्प राहणे हेच नेहमीचे असते. मे महिन्यात बॅटरी संपलेली पेटी आणि जुलैमध्ये सुस्थितीत असलेली पेटी, दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. फरक कळतो तो दरड कोसळल्यावर.

याला उत्तर म्हणजे ‘ठोके’. काही घडो न घडो, प्रत्येक पेटीने ठरलेल्या वेळी ‘मी आहे’ एवढा छोटा संदेश पाठवायचा. सोबत बॅटरीची पातळी आणि शेजारच्या कोणत्या पेट्या ऐकू येत आहेत, हेही कळवायचे. ठोका चुकला की शांततेलाच अर्थ येतो. बॅटरीचा प्रश्न उरतो, पण त्यावर मार्ग आहे. कोरड्या दिवसांत तासाला एक ठोका पुरे. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पेटीने आपणहून दर पाच मिनिटांनी, गरज पडल्यास दर दोन मिनिटांनी बोलावे. वर्षातले मोजकेच दिवस असे असतात. त्या दिवसांसाठीच तर बॅटरी राखायची.

किती ठोके चुकले की धोका मानायचा?

समजा, एका डोंगरावर ५० पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी दर पाच मिनिटांनी ठोका देते. दिवसाला १४,४०० ठोके झाले. दहांतला एक संदेश एरवीही हरवतो, असे धरू. एक ठोका चुकताच घंटा वाजवायची ठरवली, तर दिवसात १,४०० हून अधिक वेळा ती उगाच वाजेल. सलग तीन चुकल्यावर वाजवली, तर रोज तेरा-चौदा वेळा. सलग पाच चुकल्यावर वाजवली, तर आठवड्यातून साधारण एकदा. पण पाच ठोक्यांची वाट पाहायची म्हणजे खरा बिघाड कळायला २५ मिनिटे लागणार.

इथेच खरी ओढाताण आहे. लवकर ओळखायला गेले की खोटे इशारे वाढतात, खोटे इशारे टाळायला गेले की उशीर होतो. शिवाय हा हिशेब संदेश एकमेकांशी संबंध नसताना हरवतात, असे धरून केला आहे. प्रत्यक्षात मुसळधार पावसात ते घोळक्याने हरवतात. त्यामुळे सर्व डोंगरांना आणि सर्व ऋतूंना एकच नियम लावून चालत नाही. ही मर्यादा कारखान्यात ठरवता येत नाही. ती त्याच उतारावर एक-दोन पावसाळे मोजून ठरवावी लागते.

पावसाने ‘रेंज’ खरेच जाते का?

लोकांचा अनुभव होय म्हणतो, पण कारण वेगळे आहे. अशा पेट्यांसाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा वापरता येतो. या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. थेंबांचा मोठा अडथळा त्याच्या दहापट आणि अधिक वारंवारतेच्या लहरींना होतो. सह्याद्रीच्या उतारावर दुवा तोडतात ती दुसरीच कारणे : जूननंतर दाट झालेली ओली झाडी, पेटीच्या जोडणीत शिरलेले पाणी, वाऱ्याने फिरलेला अँटेना आणि आठवडेच्या आठवडे ऊन न मिळालेले सौर पॅनेल. मे महिन्यात उघड्या डोंगरावर चाचणी घेऊन ‘सर्व दुवे उत्तम’ असा शेरा मारला, तर तो ऑगस्टमध्ये खरा ठरेलच असे नाही. चाचणी घ्यायची तर ती पावसाळ्यातच.

साखळीतली सर्वात कच्ची कडी मात्र बहुधा डोंगरावर नसतेच. ती गेटवेच्या पुढे, मोबाइल टॉवरपाशी असते. टॉवरची वीज गेली, बॅटरी आणि डिझेल संपले, की डोंगरावरच्या सर्व पेट्या एकदम गप्प झाल्यासारख्या दिसतात.

पेटी बिघडली, वाट तुटली की डोंगर हलला?

शांततेची तऱ्हा पाहिली की बरेच काही कळते. एक पेटी गप्प झाली, पण तिच्या शेजारणींना तिचा आवाज येत असेल, तर पेटी जिवंत आहे, तिची खाली येणारी वाट तुटली आहे. शेजारणींनाही ती ऐकू येत नसेल, तर पेटीच गेली. त्याआधी तिची बॅटरी रोज थोडी थोडी उतरत होती का? तसे असेल तर कारण चार्जिंगचे. बॅटरी भरलेली असताना अचानक आवाज थांबला असेल, तर वीज पडली, गुराने धक्का दिला, कुणी पेटी काढून नेली किंवा खालची माती सरकली, यांपैकी काहीही असू शकते. सर्व पेट्या एकाच क्षणी गप्प झाल्या, तर संशय गेटवेवर. आणि एकाच पट्ट्यातील पेट्या काही सेकंदांत एकामागून एक गेल्या, तर तो बिघाड समजून तंत्रज्ञाची वाट पाहत बसणे म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणूनच एकमेकींवर लक्ष ठेवणाऱ्या पेट्या हव्यात. सगळी हजेरी दूरच्या एका संगणकाने घेण्यापेक्षा शेजारणींनी एकमेकींची घ्यावी आणि गैरहजेरी तेवढी वर कळवावी, यात बॅटरीही वाचते आणि निदानही लवकर होते. स्मार्ट वीज मीटरमध्ये पुरवठा जाताच साठलेल्या थोड्या ऊर्जेवर ‘शेवटचा निरोप’ पाठवण्याची सोय असते. तीच सोय डोंगरावरच्या पेटीलाही देता येते.

इतरत्र काय अनुभव आहे?

केरळमध्ये मुन्नारजवळ अमृता विश्वविद्यापीठाने दरडीसाठी बिनतारी सेन्सरचे जाळे उभारले. जुलै २००९ च्या जोरदार पावसात मातीतील पाण्याचा वाढलेला दाब आणि जमिनीची हालचाल टिपून त्या यंत्रणेने इशारा दिला होता. पुढे याच संस्थेने सिक्कीममध्ये गंगटोकजवळच्या चांदमारीतही अशी यंत्रणा बसवली. हिमाचल प्रदेशात आयआयटी मंडीने कमी खर्चाची उपकरणे तयार केली. त्यांत जमीन हलताच रस्त्यालगतचे दिवे आणि भोंगा तिथल्या तिथे सुरू होण्याची सोय आहे. पाचाड-पोलादपूरसाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. भोंग्याला वाजण्यासाठी मुंबई-पुण्यातल्या सर्व्हरची परवानगी लागत असेल, तर टॉवर पडताच भोंगाही पडला. डोंगर आणि वाडी यांच्यातील निर्णय डोंगर आणि वाडी यांच्यातच व्हायला हवा. बाहेरचा दुवा मदत बोलावण्यासाठी.

गप्प पेटीचा अर्थ कोणत्या बाजूने लावायचा?

तंत्रज्ञान इथवर येऊन थांबते. पुढे निवड माणसांनी करायची असते. घोडखिंडीची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. विशाळगडावरून तोफेचे आवाज आले की महाराज पोहोचले असे समजायचे, हा संकेत ठरला होता. तोफ ऐकू येत नव्हती, तोवर बाजीप्रभूंसमोर दोन अर्थ होते : महाराज अजून पोहोचलेले नाहीत किंवा आवाज इथवर येत नाही. त्यांनी शांततेचा सोयीचा अर्थ लावला नाही. तोफ ऐकू येईपर्यंत खिंड लढवली.

दरडीच्या यंत्रणेनेही शांततेचा अर्थ नेहमी धोक्याच्या बाजूने लावायला हवा. याचा अर्थ प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला गाव रिकामे करायचे असा नव्हे. तसे केले तर तिसऱ्या खेपेस कुणी घराबाहेर पडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून इशाऱ्याचे दोन स्तर हवेत. कोरड्या दिवशी पेटी गप्प झाली, तर तंत्रज्ञाला निरोप : ‘जाऊन बघा.’ पाऊस धोक्याच्या मर्यादेपुढे असताना पेटी गप्प झाली, तर ती बोलत असती आणि तिने धोका सांगितला असता, असे धरून वाडीला निरोप : ‘खाली या.’ एक रात्र शाळेत काढणे त्रासाचे आहे, विशेषतः गुरे मागे ठेवून. पण दुसऱ्या बाजूला काय असते, ते तळियेने पाहिले आहे.

यातून कामाच्या काही अटी निघतात. यंत्रणा घेताना किती सेन्सर बसवले, हा आकडा पुरेसा नाही. कोणताही दुवा तुटल्यास तो किती मिनिटांत कळेल, हे करारात लिहिलेले असावे आणि ऐन पावसाळ्यात एक पेटी मुद्दाम बंद करून ते तपासले जावे. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर गप्प पेटी हिरवी दिसता कामा नये. तिच्यासाठी वेगळा रंग हवा आणि ‘शेवटचा ठोका किती मिनिटांपूर्वी’ हे ठळक दिसायला हवे. गेटवेपासून बाहेर जाणाऱ्या वाटा दोन हव्यात आणि त्या दोन्ही एकाच टॉवरवर अवलंबून नसाव्यात. देखभालीचा पैसा खरेदीच्या वेळीच बाजूला काढलेला असावा, कारण पहिल्या पावसाळ्यानंतर फीत कापायला कुणी येत नाही.

सेन्सर येईपर्यंत काय?

ठोक्यांची कल्पना वापरायला सेन्सरच हवा असे नाही. अतिवृष्टीचा इशारा असलेल्या रात्री तालुक्याच्या नियंत्रण कक्षाने धोक्याच्या प्रत्येक वाडीची दर तासाला हजेरी घ्यावी. वाडीतल्या दोन व्यक्ती आधीच ठरलेल्या असाव्यात : पोलीस पाटील, आशाताई, आपदा मित्र किंवा कुणी जागरूक तरुण. फोन लागला, ‘ठीक आहे’ असे उत्तर आले की वहीत बरोबरची खूण. सलग दोनदा फोन लागला नाही, तर ‘नेटवर्क नसेल’ म्हणून पान उलटायचे नाही. ती वाडी यादीत सर्वात वर घ्यायची, जवळच्या दुसऱ्या वाडीतून चौकशी करायची आणि रस्ता चालू आहे तोवरच माणूस पाठवायचा. टॉवर आधीच पडले असतील तिथे वायरलेस संच किंवा उपग्रह फोन आधी पोहोचवायचे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथवर गाडीरस्ता नव्हता, मदतीला आलेल्यांना डोंगर चढून जावे लागले. अशा वाड्या महाड-पोलादपुरात अनेक आहेत. त्यांच्यावर उद्या सेन्सर बसतील, न बसतील. पण अशा एखाद्या वाडीतून तासभर काहीच कळले नाही, तर ती बातमी आहे आणि ती कुणाच्या तरी टेबलावर पोहोचली पाहिजे, एवढी व्यवस्था येत्या पावसाळ्याआधी एक वही, एक फोन आणि रात्रपाळीचा एक जबाबदार माणूस यांवर उभी राहू शकते. सेन्सर आले, तर ते याच वहीत आपली हजेरी लावतील.